एडिटर सजावट: त्र्यंबकेश्वरचा श अखेर मराठी

झालं एकदाचं! व्हीएस कोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, पाकळीचा ल आणि देठाचा श दिसायला लागले, तेही जोडाक्षरं न मोडता.

मागच्या वेळी जेटब्रेन्स मोनो हा इंग्रजी कोडिंग फॉन्ट आणि त्याच्यामागे देवनागरी फॉन्ट अशी जोडी लावली होती ना, त्यात फॉन्टमध्ये मराठी ल-श असूनही एडिटरमध्ये हिंदी वळणाचेच यायचे. ही रूपं फॉन्टमधल्या लोकल फॉर्म्स या फीचरमधून (भाषेनुसार अक्षराचं रूप बदलणारी सोय) येतात आणि मजकूर मराठी आहे हे कोणीतरी सांगितल्याशिवाय ते फीचर हलतच नाही. वेबपेजवर भाषा सांगणारा लँग टॅग लावला की भागतं, पण एडिटरच्या खिडकीची भाषा डिस्प्ले लँग्वेजवरून ठरते, आणि माझी इंग्रजी. फॉन्ट लिगेचर्सच्या सेटिंगमध्ये फीचरचं नाव टाकूनही उपयोग नाही, भाषाच ठरलेली नाही तर ते लावणार काय?

मग फीचर फ्रीझर हे टूल चालवलं, ते मराठी अक्षर थेट मूळ कोडपॉइंटला (अक्षराच्या युनिकोड क्रमांकाला) जोडून टाकतं. टेस्टला आपली नाशिकच्या ठिकाणांची जेसन फाइल. शालिमार मस्त, लासलगाव मस्त, अशोकस्तंभ तर बघत राहावा असा, आणि खाली त्र्यंबकेश्वर! पाय मोडलेला श आणि शेजारी सुटा उभा व. मल्हार खाणीतला ल्ह पण फुटलेला. डोकंच फिरलं.

फॉन्टच्या आतली टेबलं (नियमांचे तक्ते) उघडून बघितल्यावर कारण कळलं. या फॉन्टमध्ये मराठी ल-श चे अर्ध्या अक्षरांचे नियम फक्त मराठीच्या कप्प्यात आहेत, डिफॉल्ट कप्प्याला ते ग्लिफ, म्हणजे अक्षरांची चित्रं, माहीतच नाहीत. फ्रीझरने अक्षर बदललं, नियम तिथेच राहिले.

म्हणून अक्षराला हातच लावला नाही. फॉन्टटूल्स या पायथन लायब्ररीने जीसब टेबल (अक्षरं बदलण्याचे नियम) उघडलं, देवा आणि डेव्ह२ या देवनागरीच्या दोन्ही स्क्रिप्ट टॅगमध्ये एमएआर टॅगची लँगसिस, म्हणजे तो मराठीचा कप्पा, शोधली आणि तीच डिफॉल्ट करून टाकली. पायथनच्या मोजक्या ओळी! त्र्यंबकेश्वर, मल्हार, केल्या, निश्चित, सगळं जागच्या जागी. फॉन्टटूल्ससारखं टूल नाही, खरंच सांगतो. करणार असाल तर फॉन्ट मूळ प्रोजेक्टच्या रिलीजमधूनच घ्या, इकडून तिकडून उचललेल्या कॉपीत ही टेबलं कधीकधी छाटलेली असतात. आणि फॉन्टचं नाव बदला, ओएफएल या खुल्या फॉन्ट परवान्यात बदल करायला मोकळीक आहे पण राखीव नाव असेल तर ते बदललेल्या फॉन्टला चालत नाही, शिवाय सिस्टीमचाही गोंधळ होत नाही.

बाकी किरकोळ. लाइन हाइट १.७ केली, वेलांट्या-रफार आता कापले जात नाहीत (८ च्या आतला आकडा गुणक धरला जातो). कॉमेंट्सचं इटॅलिक काढलं, देवनागरीला खरं इटॅलिक नसलं की एडिटरच्या आतलं ब्राउझर इंजिन अक्षरं नुसती तिरकी ढकलतं, ते मला बघवत नाही. व्यापाऱ्यांच्या जुन्या यादीत ऱ्या साठी झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडचिन्हाचा कोड वापरलाय, त्याभोवती पिवळ्या चौकटी यायच्या, तो सेटिंगमधल्या अलाउड कॅरेक्टर्समध्ये टाकला.

यानंतर येवल्याच्या पैठणीच्या रंगांची थीम करणार होतो, पण लिहिता लिहिताच सुचलं, जेटब्रेन्सशेजारी देवनागरी बारीक दिसते आणि एडिटरमध्ये प्रत्येक फॉन्टला वेगळा साइज देता येत नाही. फॉन्ट उघडलेलाच आहे तर हेड टेबलमधलं युनिट्स पर एम (अक्षराची चौकट किती भागांत मोजायची तो आकडा) १००० चं ९०० केलं, बाह्यरेषा तशाच ठेवल्या, तर अक्षरं आपोआप ११ टक्के मोठी! मग १.७ पुरेल का ते बघावं लागेल, र्की आणि ट्रू वर आधी तपासतो. थीम थांबली, आज रात्री हेच.