घरी काय सांगता, काय होतंय म्हणून?

मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मी मानसोपचार शिकवते. २०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, एटकॉम, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा भाग, आला आणि ‘रुग्णाची संस्कृती’ हा तास माझ्या वाट्याला आला.

पहिल्या वर्षी मी चुकले. अमुक समाजात अंगात येतं, तमुक समाजातल्या बायका मोकळं बोलत नाहीत, अशा स्लाइड दाखवल्या. मुलांनी भराभर उतरवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात एकाने बुरख्यातल्या बाईंना काही न विचारता केसपेपरवर लिहिलं, ‘रुग्ण बोलत नाही’. हे त्याला मीच शिकवलं होतं. फार लागलं मनाला.

स्लाइड काढून टाकल्या. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, रुग्णाच्या संस्कृतीबद्दल सोळा प्रश्नांची एक मुलाखत आहे. त्यातला एकच घेतला: हा त्रास तुम्ही आपल्या माणसांना कसा सांगता? मराठीत आम्ही आधी ‘आपल्या समस्येचे वर्णन करा’ असं लिहिलं. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, “म्हणजे बोलायचं काय त्यांनी?” मग त्यांच्याच मदतीने वाक्य ठरलं: ‘घरी काय सांगता, काय होतंय म्हणून?’

मानखुर्दहून एक ताई आल्या होत्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. अंग दुखतं, मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. विद्यार्थिनी थांबली, हे तिचं मोठं. “घरी नाही सांगत. शेजारणीला म्हणते, जीव रमत नाही. पोरगं गेल्यापासून.” चार महिन्यांच्या कागदांत मुलाचा उल्लेखच नव्हता.

तिने औषधांखाली लिहिलं, ‘दर सोमवारी यावे’. ताई हळूच म्हणाल्या, “एवढे खाडे झाले तर कामं सुटतील.”

मानसिक आजार असलेल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत, हा २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातला आकडा मी दरवर्षी सांगते. २०१७ च्या कायद्याने उपचाराचा हक्क दिला, तेही फळ्यावर लिहिते. सकाळीच उरकणारी ओपीडी आणि बुडणारा रोज मात्र माझ्या तासात कधी आलेच नव्हते. ताईंना महिन्याने बोलावलं. मधल्या दिवसांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

आता मुलं केसपेपरच्या पहिल्या ओळीत रुग्णाचेच शब्द लिहितात आणि तारीख देण्याआधी कामाची वेळ विचारतात. परीक्षेत याला अजून गुण नाहीत. विभागाच्या बैठकीत तिसऱ्यांदा विषय मांडला आहे.