रिकामा नकाशा आणि वीस षटकोन

बॉक्स उघडून नकाशा टेबलावर पसरला तर त्यावर काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही, ना टेकडी ना रस्ता ना गाव, नुसता वाळूच्या रंगाचा कागद आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत षटकोन. मी मित्राला विचारलं, अरे हा छपाईतला घोळ आहे का, एखादा रंग टाकायचाच राहिला का. तो म्हणाला, नाही रे, असाच आहे हा, आधी खेळून तर बघ.

हा टेबलावर खेळायचा युद्धाचा बोर्ड गेम, नाव ‘टोब्रुक’. अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिल कंपनीने १९७५ मध्ये काढलेला, डिझायनर हॅल हॉक. विषय आहे १९४२ च्या उन्हाळ्यातल्या उत्तर आफ्रिकेतल्या रणगाड्यांच्या लढाया, म्हणजे लिबियातली गझालाची लढाई आणि तिथून पुढे तिथलंच टोब्रुक बंदर पडलं तो सगळा महिना. ती कंपनी १९९८ मध्ये हॅस्ब्रोकडे गेली, आणि त्याआधीपासूनच हा गेम जुन्या लोकांच्या माळ्यावरच सापडायचा, त्यामुळे आमचा बॉक्ससुद्धा सेकंडहँड, मित्राची बहीण सुट्टीला येताना कपड्यांच्या मध्ये गुंडाळून घेऊन आली. विकणाऱ्याने ‘पूर्ण सेट’ लिहिलं होतं पण मोजले तर सात काउंटर, म्हणजे नकाशावर सरकवायच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, कमी निघाले. एवढ्या लांबून आणलेली वस्तू, फार वाईट वाटलं. मग बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, स्केचपेनने नंबर घालून आम्ही ते सात बनवले, अजून तेच वापरतो.

आता त्या रिकाम्या नकाशाबद्दल, कारण मला खरं बोलायचंय ते त्याच्याचबद्दल.

या गेममध्ये एक षटकोन म्हणजे ७५ मीटर आणि एक टर्न म्हणजे ३० सेकंद. एक काउंटर म्हणजे एक रणगाडा किंवा एक तोफ, अख्खी पलटण वगैरे नाही, एकच. मी बुद्धिबळ आणि कॅरम खेळत मोठा झालेला माणूस, मला आधी या आकड्यांचं काही वाटलं नाही. पण एका रविवारी मी इंग्रजांचे क्रुसेडर रणगाडे घेतले आणि मित्राने समोर जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ लावली, आम्ही तिला नुसतं ‘अठ्ठ्याऐंशी’ म्हणतो, ती मूळची विमानं पाडायची तोफ पण वाळवंटात जर्मनांनी ती आडवी करून रणगाड्यांवर लावली. मधलं अंतर वीस षटकोन. मी म्हटलं जाऊ की सरळ चालून, पाच गाडे आहेत माझे, त्याची एकच तोफ.

मग कागदावर हिशोब केला. उघड्या वाळूवर ताशी १८ किलोमीटर वेग धरला तर मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे ३० सेकंदांत १५०, म्हणजे टर्नला दोन षटकोन. वीस षटकोन म्हणजे १५०० मीटर. दहा टर्न. माझ्या क्रुसेडरवरची टू-पाउंडर, ४० मिलिमीटरची, तिने जर्मन गाड्याचं पुढचं चिलखत फोडायचं तर निदान ५०० मीटरपर्यंत तरी जवळ जायला पाहिजे, म्हणजे आधी हजार मीटर नुसतं मार खात पुढे सरकायचं, सात टर्न, साडेतीन मिनिटं. आणि अठ्ठ्याऐंशीला १५०० मीटरवरून माझा कुठलाही गाडा फोडता येतो. लपायला काही नाही. नकाशावर झाड असतं तर झाडामागे गेलो असतो, घर असतं तर घरामागे, पण तिथे वाळू आहे आणि वाळूच आहे, आणि तेव्हा मला कळलं की नकाशा रिकामा का आहे. वाळवंटात अंतर हीच टेकडी, अंतर हीच नदी. ज्याची तोफ लांबून फोडते त्याच्यापुढे आपोआपच एक खंदक खणलेला असतो आणि तो दुसऱ्याला दिसत नाही.

खरं वाळवंट अगदी असं इस्त्री केलेलं नसतं हे मलाही माहितीये, तिथे उथळ खोलगट जागा असतात, लांबलचक कमी उंचीचे कडे असतात, आणि गझालाच्या लढाईत अशा दोन-चार मीटरच्या उंचवट्यांसाठी माणसं मेली. धूळ तर एवढी की चार गाडे चालले की मागचं काही दिसत नाही, दुपारी मृगजळामुळे रणगाडा आहे की ट्रक तेही कळत नाही. गेममध्ये यातलं थोडंच येतं. तरीपण मला वाटतं हॉकने नकाशा मोकळा ठेवला ते बरोबर केलं, कारण त्याने सगळं लक्ष तोफ आणि चिलखत यांच्यावर नेऊन ठेवलंय.

आणि तिथे तो हात आखडता घेत नाही. प्रत्येक तोफेचं वेगळं कोष्टक आहे. गोळी झाडली की आधी दोन फासे टाकून बघायचं लागली का, पहिल्यांदा नेम धरताना आकडा कठीण, त्याच गाड्यावर परत झाडताना सोपा, कारण अंतराचा अंदाज आलेला असतो. लागली तर परत फासे, कुठे लागली. मग तिथलं चिलखत फुटलं का, आणि फुटलं तर काय झालं: चाल गेली, तोफ गेली, की अख्खा गाडाच गेला. रूलबुकमध्ये याला एम, एफ आणि के अशी अक्षरं आहेत.

म्हणजे फासे, फासे आणि फासे. या गेमवर लोक पहिल्यापासून हीच तक्रार करतात की नुसते फासे टाकून हात दुखतो, आणि ती तक्रार खोटी नाही, आमची एक लढाई संध्याकाळी सहाला सुरू होऊन रात्री साडेअकराला संपली होती आणि त्यात खरी घड्याळाची लढाई जेमतेम दहा मिनिटांची झाली. पण मला ते फासे आवडतात, मनापासून सांगतो. समजा दोन फाशांवर दहा किंवा वर पडायला पाहिजे, तर ३६ पैकी ६ वेळाच पडणार, सहात एक. तुम्ही फासे खुळखुळवता, टाकता, चार आणि तीन. पुढचा गाडा. पाच आणि दोन. पुढचा गाडा. सहा आणि पाच! लागली! सगळे पुढे वाकतात. कुठे लागली? पुढच्या पत्र्यावर. फुटला का? नाही. गोळा आपटून उडून गेला. आणि आता त्याची पाळी, त्याला फक्त पाच पाहिजेत. त्या एका क्षणात मला टू-पाउंडरमागे बसलेल्या पोराची अवस्था जेवढी कळते तेवढी मला वाचून कधी कळली नव्हती. नेम बरोबर, हात बरोबर, गोळा लागलाय, आणि तरी काही होत नाही, कारण समोरच्या पॅन्झर तीन या जर्मन रणगाड्याच्या चिलखताचा वरचा थर मुद्दाम कडक केलेला आहे आणि टू-पाउंडरचा गोळा लांबून त्यावर आपटला की स्वतःच फुटतो.

शिवाय रणगाड्यावरच्या टू-पाउंडरकडे नुसता भरीव गोळा. स्फोट होणारा नाही. समोर तोफ मांडून उघड्यावर माणसं उभी आहेत, गाडा नाहीये फोडायचा, माणसं हटवायचीत, तर त्याला भरीव गोळ्याचा काय उपयोग? मशीनगन आहे पण ती एवढ्या लांब काय कामाची. म्हणून गझालाला ग्रँट रणगाडा आला तेव्हा इंग्रजांना एवढं हायसं वाटलं, त्यावर ७५ मिलिमीटरची तोफ होती आणि तिचा गोळा फुटायचा. पण ती तोफ वरच्या फिरत्या बुरुजात नाही, खाली अंगात, उजव्या बाजूला बसवलेली, त्यामुळे उंचवट्यामागे अंग लपवून नुसतं डोकं काढून गोळी झाडायची सोय नाही, सगळा गाडा उघडा करावा लागतो, आणि तो गाडा जवळपास दोन माणसं उंच. मी ग्रँट फार जपून वापरतो. मित्र म्हणतो तू जरा जास्तच जपतोस, आणि माझे ग्रँट मागे बसून राहतात आणि पुढचे क्रुसेडर मरतात. बरोबर आहे त्याचं.

त्या पहिल्या रविवारी माझे पाचपैकी चार गाडे गेले. पाचवा सहा षटकोनांवर पोचला होता आणि तिथे त्याची चाल गेली.

आता मित्राला हा गेम कशाला पाहिजे होता ते सांगतो. त्याचे आजोबा, ज्यांना सगळं घर आबा म्हणायचं, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, कोरेगावकडचे, बेळगावला भरती झालेले. त्या पलटणीला ‘काली पांचवी’ म्हणतात. आणि २० जून १९४२ ला टोब्रुकच्या तटबंदीच्या आग्नेय बाजूला, जिथे जर्मन सेनापती रोमेलने सगळी ताकद एकवटून घाव घातला, तिथे नेमकी हीच पलटण बसलेली होती. अकराव्या इंडियन ब्रिगेडमध्ये तिच्यासोबत कॅमरन हायलँडर्स आणि गुरखे होते, पण पहिला तडाखा मराठ्यांच्या वाट्याला आला.

आदल्या वर्षी, १९४१ मध्ये, हेच टोब्रुक जवळपास आठ महिने वेढ्यात राहून टिकलं होतं, ऑस्ट्रेलियन होते तेव्हा, आपले अठराव्या कॅव्हलरीचे लोकही होते. पण १९४२ पर्यंत खंदक वाळूने बुजत आलेला, सुरुंग बरेचसे उपसून गझालाच्या फळीवर नेलेले. रोमेल आधी पूर्वेला निघून गेला असं भासवून रात्रीतून मागे वळला. पहाटे साडेपाचच्या सुमाराला स्टुका विमानं आली, तोफा सुरू झाल्या, आणि साडेआठपर्यंत रणगाडे खंदक ओलांडून आत. संध्याकाळी ते बंदरावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टोब्रुकने शरणागती पत्करली, सुमारे ३३,००० माणसं कैदेत गेली. त्यात आबा होते, पुढे इटलीत कैदी म्हणून राहिले आणि युद्ध संपल्यावर घरी आले.

मित्र सांगतो की आबा लढाईबद्दल बोलायचेच नाहीत. वाळूबद्दल बोलायचे, भाकरीत वाळू, बंदुकीत वाळू, पाण्याला पेट्रोलच्या डब्याचा वास. आणि एकदाच म्हणाले होते, “आमच्याकडं काय हुतं रं त्यांना थांबवायला?” गावात कुणीतरी एकदा म्हणालं होतं की टोब्रुकला पलटण एका दिवसात पडली, ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलेलं.

म्हणून आम्ही या २० जूनला बॉक्समधली तयार मांडणी बाजूला ठेवून आमच्या मनाने एक छोटी मांडणी केली. इंग्रज बाजूच्या पायदळाचे काउंटर घेतले, त्यांना खंदकांत बसवलं, सुरुंगांची पट्टी अर्धीच ठेवली, मागे दोन टू-पाउंडर दिल्या, आणि समोरून बारा पॅन्झर आणि मागे अठ्ठ्याऐंशी. पायदळ मित्राने घेतलं, मला जर्मन खेळायला लावलं. मला ते जड गेलं.

पहिले चार टर्न मी काही केलं नाही, लांब उभा राहून नुसते गोळे टाकले. मला जवळ जायची गरजच नव्हती. त्याच्या टू-पाउंडरनी दोन वेळा माझ्या गाड्याला मारलं, एकदा एकाची चाल गेली, तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की आतून वहिनी बघायला आल्या. पण तोफ एकदा बोलली की कुठे आहे ते कळतं, पुढच्या टर्नला मी तिच्यावर तीन गाड्यांचा नेम धरला. दुसरी तोफ त्याने दोन टर्न गप्प ठेवली, मी सुरुंगांतल्या मोकळ्या जागेतून आत येईपर्यंत, आणि मग दोन षटकोनांवरून बाजूने मारलं. एक गाडा खलास. मी ते फासे अजून विसरलो नाही, पाच आणि पाच. त्यानंतर तीही तोफ गेली आणि मग पायदळ आणि रणगाडे, मधे काही नाही.

पंधराव्या टर्नला थांबलो. साडेसात मिनिटं. मित्र टेबलाकडे बघत बसला होता, म्हणाला, “आबांना हे दाखवायला पाहिजे होतं रे. त्या माणसाला सांगितलं असतं, ये, बस, तू खेळ, तू थांबवून दाखव.”

मग त्याने पायदळाचे काउंटर एकेक करून उचलले. बाकीचा पसारा मी आवरला, पण ते त्याने मला उचलू दिले नाहीत. पुठ्ठ्याचे सात वेगळ्या पाकिटात ठेवले, कारण ते लगेच वाकतात.

पुढच्या महिन्यात २७ मेची मांडणी करायचीय, गझालाच्या फळीच्या दक्षिण टोकाला असलेल्या बीर हकीमच्या आग्नेयेला तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड होती तिच्यावर सकाळीच इटलीची आरिएते डिव्हिजन चालून आली ती लढाई. समोर जर्मन गाडे नाहीत, इटालियन एम तेरा-चाळीस आहेत, त्यांचं चिलखत टू-पाउंडरला फोडता येतं, त्यामुळे तिथे अंतराचा हिशोब वेगळा बसेल असं मला वाटतंय. ब्रिगेड शेवटी तुडवली गेलीच, पण बऱ्याच गाड्यांना पाडून. या वेळी टू-पाउंडर मी घेणारे.