गाळातलं शिसं

उधाणाच्या ओहोटीला आमची खाडी इतकी मागे सरते की कांदळवणापुढचा चिखल दोनेक तास उघडा पडतो. तिथे मी मीटरभर पीव्हीसी पाइप उभा ठोकते. होडी काकांची. "आधी इथे वल्हं टेकत नसे गो," हे ते दर खेपेला सांगतात. खाडी भरत चाललीये हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. वर्षाला किती, ते मला शोधायचंय.

ते शिसं-२१० सांगतं, म्हणजे शिशाचं एक किरणोत्सारी रूप. जमिनीतून रेडॉन वायू सारखा हवेत सुटत असतो. त्याचं हवेतच शिसं-२१० बनतं, पावसाबरोबर खाली येतं आणि गाळाच्या बारीक कणांना चिकटतं. वर नवा गाळ बसला की खालच्या थराला ताजं शिसं मिळत नाही, आणि असलेलं दर २२ वर्षांनी निम्मं होतं. समजा ११ सेंटीमीटर खाली ते निम्मं भरलं, तर गाळ वर्षाला अर्धा सेंटीमीटर बसतोय. शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगं काही उरत नाही. तळ्यांच्या गाळाला हे गणित १९७१मध्ये लावून दाखवणाऱ्यांत एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल होते, आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. मला याचा फार अभिमान वाटतो.

गेल्या वर्षी एक पाइप वाया गेला. टेम्पोत तो आडवा ठेवला गेला, आणि वरचा मऊ गाळ सरकून सगळा कालवला. अलीकडची वर्षं नेमकी तिथेच असतात. मी रडले होते. आता पाइप दोन्ही हातांनी उभा धरून मीच मागे बसते.

घरी अंगणात गाळ खालून दट्ट्याने वर ढकलायचा आणि सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या चकत्या कापायच्या. पहिली पिवळट-तपकिरी, दह्यासारखी थरथरते. चार-पाच चकत्यांनंतर गाळ काळा होतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. परवा नवव्या चकतीत कुर्लीच्या बिळाचं गोल भोक दिसलं, आत वरचाच तपकिरी गाळ उतरलेला. तिथलं शिसं खोटं बोलणार, म्हणून वहीत लाल खूण केली.

वरच्या दोन चकत्या आधी मोजायच्या, बेरिलियम-७ साठी. तेही पावसातूनच येतं, पण ५३ दिवसांत निम्मं होतं. सापडलं तर समजायचं, हा गाळ यंदाच्याच पावसाळ्यात इथे आला. बाकीच्या चकत्या वाळवून, कुटून डब्यांत हवाबंद केल्यात. गाळातल्या रेडियमचा रेडॉन होऊन त्यापासूनही थोडं शिसं-२१० बनतच असतं, ते वजा करावं लागतं. रेडियम नीट मोजायचं तर डबीत रेडॉन साठून स्थिरावायला तीन आठवडे द्यावे लागतात.

फळीवर तीस डब्या आहेत. एकेकीला यंत्रावर अख्खा दिवस लागतो. काकांना आकडा सांगेपर्यंत मार्गशीर्ष उजाडेल.