आजीची दोन नावं आणि वारस नोंद

माहेरच्या सातबाऱ्यावर आजी 'कमल बाबूराव' आणि मृत्यू दाखल्यावर 'सुलोचना'. आजोबांनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्याचा हिशेब आम्हा नातवंडांना तलाठी कार्यालयात द्यावा लागला.

सातारा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरच्या जमिनीत पणजोबांच्या मागे तिचं नाव भावांबरोबर लागलं होतं. हक्कसोड करून दे असं तिला कुणी म्हटलं नाही, तिनंही वाटणी मागितली नाही. दरवर्षी तिकडून वाघ्या घेवड्याचं पोतं यायचं. ते निवडून, वाटे करून ती सगळ्या लेकी-सुनांना पोचवायची. आजोबा अर्धांगानं अंथरुणाला खिळले त्या वर्षांतही यात खंड पडला नाही.

ती गेल्यावर वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरचा अर्ज हे सगळं सुरळीत झालं. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यायची असते, तीही वेळेत दिली. मग भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी, विचारलं, "कमल आणि सुलोचना एकच कशावरून?"

प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून त्यांनी जे मागितलं, त्यानं डोकं फिरलं. "गॅझेट करून आणा." म्हणजे राजपत्रात नावबदल छापून आणा.

"अहो, आजी वारल्यात. नावबदलाच्या अर्जावर सही कोण करणार?"

"ते तुम्ही बघा."

पुढच्या खेपेला साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या खेपेला सर्व्हर डाऊन. बाहेरच्या टंकलेखकानं तर 500 च्या स्टॅम्पशिवाय प्रतिज्ञापत्र करायलाच नकार दिला. ऑक्टोबर 2024 पासून 100 च्या जागी 500 चा मुद्रांक आला हे खरं, पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. साध्या कागदावर करा आणि वाद घाला. मी घातला. (तलाठी कार्यालयाच्या पाटीवर आता 'ग्राम महसूल अधिकारी' आहे, गाव अजून तलाठीच म्हणतं.)

आजीच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला. गुरुजींनी जुनं रजिस्टर स्वतः शोधून दिलं, चहाही पाजला. कमल, जन्म 1 जून, चौथीत शाळा सोडली. पण त्यानं कमल सिद्ध झाली, सुलोचना नाही. आजोबा जिल्हा परिषदेत शिक्षक होते. त्यांच्या पेन्शनच्या कागदांत 'पत्नी सुलोचना, माहेरचे नाव कमल' अशी ओळ सापडली, तेव्हा मी घरात अक्षरशः ओरडले. कुणाला असंच अडवलं तर नवऱ्याच्या नोकरीचे कागद आधी पाहा, शाळेत नंतर जा.

तो कागद घेऊन मी थेट सर्कलकडे, म्हणजे तलाठ्यांच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "गॅझेट कशाला? स्थानिक चौकशी करून पंचनामा घ्या." एवढं एक वाक्य ऐकायला इतके हेलपाटे!

पंचनाम्याला मामाआजोबांनी गावातली म्हातारी माणसं पारावर जमवली. त्यातल्या एक आजी भाऊसाहेबांना म्हणाल्या, "कमळी व्हय? तिनंच मला हिरीत पवायला शिकवलं. कमरेला भोपळा बांधून ढकलून द्यायची!"

आम्ही सगळे गप्प. आम्हाला माहीत असलेली आजी धरणावर सहलीला गेली तरी काठावर पिशव्या राखत बसायची. आजोबांच्या औषधांच्या वेळा, नातवंडांचे डबे, कुणाला पोळी मऊ लागते, एवढंच तिचं जग, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांनी त्या आजींना पुन्हा पुन्हा विचारलं, कुठली विहीर, किती खोल. भाऊसाहेब घड्याळ बघत होते. पंचनाम्यात अर्थात एवढंच उतरलं की सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून पंच तिला ओळखत होते. सह्या, अंगठे झाले.

त्यानंतर नोटिशीचे 15 दिवस. हरकत आली नाही, सर्कलनी फेरफार प्रमाणित केला.

हां, एक राहिलं. वारसांच्या यादीत नावं घालतानाच काळजी घ्या. आमच्या आत्याचंही लग्नात नाव बदललेलं. 'शोभा ऊर्फ मीनाक्षी' असंच लिहा म्हणून मी भाऊसाहेबांच्या टेबलापाशी बसून राहिले. रकान्यात बसत नाही म्हणाले, मग बसवलं.