तुम्ही विचारलंत म्हणून: त्या लाल विटांच्या घरात एवढं आहे काय?

लंडनला आमच्याकडे पाहुणे आले की पहिले तीन-चार दिवस मी त्यांना हवं तिथे फिरू देते, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम, काय हवं ते, आणि मग एक दिवस स्वतःसाठी मागून घेते आणि सगळ्यांना लंडनच्याच बेक्सलीहीथ या उपनगरात रेड हाऊस बघायला घेऊन जाते. परतीच्या ट्रेनमध्ये कुणीतरी हमखास विचारतंच, अगं छान होतं गं, पण साधं लाल विटांचं घर तर आहे, तू दरवेळी तिथेच का नेतेस? गेल्या महिन्यात मावशीने फोनवर पुन्हा तेच विचारलं, म्हणून आता नीट लिहूनच काढते.

तर पहिली गोष्ट म्हणजे ते "साधं लाल विटांचं" आहे हेच तर बघायचं आहे. हे घर १८५९ ला बांधायला घेतलं आणि १८६० च्या जूनमध्ये विल्यम मॉरिस हा कवी आणि डिझायनर आपल्या बायकोला, जेनला घेऊन तिथे राहायला आला. त्या काळात लंडनच्या पैसेवाल्या लोकांत विटांवर गिलावा चढवायचा, त्यावर रेघा मारायच्या आणि घर दगडाचं आहे असं दाखवायचं ही फॅशन होती. घराचा आराखडा काढणारा आर्किटेक्ट फिलिप वेब तेव्हा २८ वर्षांचा, स्वतंत्रपणे बांधलेलं त्याचं हे पहिलंच घर, मॉरिस २५ चा, दोघांची ओळख ऑक्सफर्डला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करताना झालेली. या दोघांनी ठरवलं की वीट आहे तर वीटच दिसू दे. भिंती लाल विटांच्या, वर लाल कौलांचं खूप उतरतं छप्पर, आणि सजावट म्हणाल तर बाहेरून जवळजवळ नाहीच, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पात्यावर मॉरिसची आद्याक्षरं आणि १८५९ एवढं कोरलंय.

खिडक्या बघा हे मी सगळ्यांना सांगते. समोरून एकसारख्या रांगेत खिडक्या अशी भानगडच नाही. कुठे उंच, वरखाली सरकणाऱ्या, कुठे छपरातून डोकं काढलेली छोटी, आणि वरच्या मजल्यावरच्या बोळात चक्क गोल. आत काय आहे, तिथे कोण बसणार, उजेड किती हवा यावरून खिडकी ठरली, बाहेरून कसं दिसेल यावरून नाही. अख्खं घर इंग्रजी एल अक्षरासारखं वळलेलं आहे आणि त्या वळणाच्या कुशीत आड आहे, लाकडी खांबांवर शंकूसारखं कौलारू छप्पर घातलेला. आमच्या मावशीला पूर्ण घरात तो आडच सगळ्यात आवडला, ती त्याच्यासमोरून हलेचना.

दोन वर्षांपूर्वी बाबा आले होते. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, आयुष्य साइटवर गेलं, त्यांना आर्ट वगैरे शब्दांचं काही नाही. आत जायच्या आधीच ते बाहेर भिंतीला नाक लावून उभे राहिले आणि दोन विटांच्या मधल्या दरजेवरून बोट फिरवत राहिले, मी म्हटलं बाबा चला, टूर सुरू होईल, तर म्हणाले थांब जरा, हे बघ. खिडकी वरून सपाट आहे ना, मग तिच्यावर ही टोकदार विटांची कमान कशाला? मला कळेना. मग त्यांनी हाताने दाखवलं, वरच्या भिंतीचं वजन कमानीतून दोन्ही बाजूंना उतरतं, खालच्या चौकटीवर येत नाही. "आणि त्याने ती लपवली नाही बघ, आपण असतो तर प्लास्टर मारून मोकळे झालो असतो." मी तोवर पाच-सहा वेळा तिथे गेलेले, ती कमान मला गॉथिक चर्चसारखी शोभेची वाटत होती. ती काम करतेय हे मला बाबांनी दाखवलं.

आत गेलात की दिवाणखाना शोधायला वर माडीवर जावं लागतं, छपरापर्यंत उंच खोली, त्यात एक अवाढव्य लाकडी बाकडं आहे, पाठीला कपाटं आणि त्याच्या डोक्यावर चढून उभं राहता येईल असा सज्जा. विटांच्या शेकोटीवर लॅटिनमध्ये लिहिलंय की कला दीर्घ, आयुष्य थोडं. भिंतीवर मॉरिसचा चित्रकार मित्र बर्न-जोन्सने काढलेली जुन्या कथेतली लग्नाची मेजवानी आहे, त्यात राजा-राणीचे चेहरे मॉरिस आणि जेनचे. हे सगळं गाइड सांगतातच.

पण मला जे दाखवायचं असतं ते जिन्यात आहे. ओकचा जिना, कठड्याचे खांब देवळाच्या कळसासारखे टोकदार, आणि तिथे उभं राहून मान वर करायची. छतावर नक्षी रंगवलेली आहे आणि नीट बघितलं तर गिलाव्यात बारीक बारीक टोचलेली भोकं दिसतात. गिलावा ओला असतानाच टोचून ठेवायची, म्हणजे नंतर ज्याला ब्रश धरता येतो त्याने त्या ठिपक्यांच्या आधाराने रंगवत जायचं. आजीकडे रांगोळीचा कागद होता, उदबत्तीने भोकं पाडलेला, तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके उमटायचे आणि मग आम्ही पोरी ते जोडायचो. मी पहिल्यांदा ते छत बघितलं तेव्हा मला तोच कागद आठवला आणि घशात काहीतरी अडकलं. या घरात शनिवार-रविवारी मॉरिसचे मित्र यायचे, अॅबी वुड स्टेशनवर त्यांना आणायला गाडी जायची, आणि मग सगळे मिळून भिंती रंगवायचे. जेनने लंडनच्या एका दुकानात निळं जाडंभरडं कापड बघितलं, घरी आणलं, आणि त्यावर भरतकाम करून पडदे केले. याच सवयीतून १८६१ मध्ये मॉरिस आणि मित्रांनी फर्म काढली, फर्निचर, काचा, वॉलपेपर बनवणारी, आणि आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणून हातच्या कारागिरीला मान देणारी पुढे जी चळवळ पसरली तिची मुळं लोक इथपर्यंत आणून पोचवतात. बागेतल्या गुलाबाच्या जाळीवरून मॉरिसने वॉलपेपर काढला, पण त्यातले पक्षी त्याला मनासारखे जमेनात, ते वेबने काढले.

घर परिपूर्ण नाही हेही मी सांगते. मुख्य खोल्या उत्तरेकडे तोंड करून, त्यामुळे थंडीत गारठा, आणि मॉरिसकडे वडिलांच्या तांब्याच्या खाणीतल्या शेअर्सचा पैसा होता म्हणून हे जमलं, सगळ्यांना नसतं जमलं. पाच वर्षांतच, १८६५ ला, आजारपण आणि रोजचं लंडनला जाणं-येणं याला कंटाळून त्यांनी ते सोडलं आणि मॉरिस पुन्हा कधी तिथे गेला नाही.

मग ते टिकलं कसं, हा मावशीचा दुसरा प्रश्न. १९५२ पासून तिथे टेड हॉलंबी नावाचे आर्किटेक्ट आणि त्यांची बायको डोरिस राहत होते, त्यांनी पन्नासेक वर्षं ते घर राहतं ठेवलं आणि जपलं, आणि २००३ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं. ते ग्रेड वन लिस्टेड आहे, म्हणजे संरक्षित इमारतींतला सगळ्यात वरचा दर्जा, मालकालासुद्धा आतबाहेर कुठेही त्याचं रूप बदलेल असं काही करायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. गंमत म्हणजे जुन्या इमारतींशी असं वागायचं हा आग्रह मॉरिस आणि वेबनेच धरलेला. तेव्हा जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चचा गिलावा खरवडून काढायचे आणि नवं कोरं "प्राचीन" रूप द्यायचे, त्याविरुद्ध या दोघांनी १८७७ ला संस्था काढली, सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज, आजही चालू आहे. त्यांचं म्हणणं असं की गळकं छप्पर वेळेवर दुरुस्त करा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, पण शतकांचे थर पुसू नका. बाबांना हे लगेच पटलं, ते म्हणाले जुन्या मऊ विटांच्या दरजांत सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि विटेचं तोंड उडतं, चुन्यात बांधलेलं चुन्यानेच दुरुस्त करावं.

आणि न पुसल्याचं फळ कसं मिळतं ते झोपायच्या खोलीत दिसतं. तिथल्या कपाटामागे दोन अस्पष्ट आकृत्या आहेत एवढंच माहीत होतं. रंगाचे आणि कागदाचे थर हळूहळू काढत गेले तर २०१३ मध्ये अख्खं भित्तिचित्र बाहेर आलं, आदम, ईव्ह, हातात नौका घेतलेला नोहा, रेचेल आणि जेकब, पडद्यावर काढल्यासारखे. ते मॉरिस आणि मित्रमंडळींनी मिळून काढलेलं असावं असं म्हणतात, एकेक आकृती एकेकाच्या हातची.

मावशी, तू आलीस तेव्हा आपण ती खोली घाईत बघितली, कारण तू आडाजवळ अर्धा तास बसलीस. पुढच्या वेळी सकाळची गाडी धरू. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालायचं आहे, दोन्ही बाजूंना अगदी रोजची उपनगरातली घरं लागतात, मग एक उंच विटांची भिंत लागते. तिथेच.