हरगिलांच्या गावात, झाडमालकांच्या अंगणात

गुवाहाटीतून सराईघाटचा पूल ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर आलं की हाजोच्या बाजूला जाताना शहर हळूहळू मागे पडतं. सुपारीच्या बागा, बांबूची बेटं, घरोघरी एखादं छोटं तळं. दादरा हे कामरूप जिल्ह्यातलं गाव याच बाजूला आहे. आसामला जाणारे आपले लोक कामाख्या आणि काझीरंगा करून परततात. मी मात्र दादऱ्यासाठी मुद्दाम वेळ राखून ठेवला होता, कारण हरगिला पक्षी मला त्याच्या घरट्यापाशी बघायचा होता.

गावात शिरल्यावर आधी वास येतो. सडक्या मासळीचा, विष्ठेचा, उग्र. मान वर केली की कदंबाच्या उंच फांद्यांवर ते दिसतात. हा करकोच्याच्या कुळातला पक्षी माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा उंच असतो, पंख पसरले की आठ फुटांच्या आसपास भरतात. डोकं जवळजवळ टकलं, चोच पाचरीसारखी जाड आणि मानेखाली लोंबणारी नारिंगी पिशवी. पिल्लांना भरवायला हे पक्षी मासे, साप, बेडूक, मेलेल्या जनावरांचं मांस असं काय काय आणतात आणि त्यातलं बरंच खाली कुणाच्या तरी अंगणात पडतं. त्यातच विष्ठेचा सडा. तुळशीसमोर रोज सकाळी हे पडलेलं आवडेल का कुणाला? म्हणून लोक झाडंच तोडायचे. हा अपशकुनी, रोगराई आणणारा पक्षी, असाच समज होता.

एकोणिसाव्या शतकात हे पक्षी कलकत्त्याच्या इमारतींवर मोठ्या संख्येनं बसत. तिथल्या महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावरही ते होते. आज जगात ते आसाम, बिहारमधला भागलपूरचा परिसर आणि कंबोडिया एवढ्यापुरते उरले आहेत. त्यातही आसामातली बहुतेक घरटी अभयारण्यात नसतात, ती लोकांच्या परसातल्या झाडांवर असतात. म्हणजे पक्षी वाचणार की नाही, हे झाडाच्या मालकाच्या मनावर.

२००७ मध्ये पूर्णिमादेवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ हरगिलांवर पीएच.डी. करत होत्या. याच भागात त्यांनी एका माणसाला घरट्यांसकट झाड तोडताना पाहिलं. नऊ पिल्लं खाली पडली होती. त्यांनी जाब विचारला तेव्हा गावकरी उलट त्यांच्यावरच चिडले. प्रबंध बाजूला ठेवून त्या गावातल्या बायकांकडे वळल्या. 'पिठा' हा तांदळाच्या पिठाचा आसामी पदार्थ बनवण्याच्या स्पर्धा घेतल्या, त्यानिमित्तानं बायका जमल्या आणि बोलता बोलता पक्ष्याचा विषय निघू लागला. विणीच्या हंगामात हरगिलांचं चक्क डोहाळजेवण सुरू झालं, ओव्या-गाण्यांसकट. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे ऐकून नवल वाटणार नाही. जिचं कौतुक करायचं ती पक्षीण आहे, एवढाच काय तो फरक.

आणि झाडमालकांचे सत्कार. मला या सगळ्या कामाचा कणा हाच वाटतो. गावासमोर बोलावून, गळ्यात गामोसा, म्हणजे लाल नक्षीचं पांढरं आसामी उपरणं, घालून, 'तुमच्या झाडावर घरटं आहे, तुम्ही राखणदार आहात' असं म्हणायचं. ज्या घाणीपायी शेजारी नाक मुरडत होते, त्याच झाडापायी मान मिळू लागला. कायद्याचा धाक दाखवून माणूस फार तर कुऱ्हाड लपवेल. मान मिळाला की तोच माणूस झाडाखाली जाळी बांधायला मदत करतो. वाऱ्यावादळात पडणारी पिल्लं झेलायला इथे खरोखरच झाडांखाली जाळ्या बांधतात. तशी एक जाळी मी जवळून पाहिली. काठांना बांबू, मध्ये थोडा झोळ, त्यात वाळकी पानं आणि एक मोठं करडं पीस अडकलेलं.

त्या अंगणाच्या मालकीणबाईंनी तामूल-पान पुढे केलं. नमस्कार करून मी म्हटलं, "बाइदेउ (ताई), वासाचा त्रास नाही होत?" माझ्या सोबतच्या मुलीनं प्रश्न असमियात सांगितला. त्या हसल्या. "होतो की. पण पिल्लं उडून गेली की झाड फार ओकं वाटतं."

पडवीत माग होता. पांढऱ्या सुतावर लाल धाग्यानं हरगिला उमटत होता. आधी पाय, मग पोट, आणि चोचीपाशी आल्यावर त्यांनी धोटा थांबवून बोटानं धागे मोजले. इथल्या बायका गामोशावर, मेखेला-चादर या दोन भागांच्या आसामी पेहरावावर हा पक्षी विणून विकतात. पूर्णिमादेवींनी उभ्या केलेल्या बायकांच्या 'हरगिला आर्मी'त २०२२ पर्यंत दहा हजारांवर बायका सामील झाल्या होत्या. दादरा, पचारिया, सिंगिमारी या गावांत सुरुवातीला २८ घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. २०२३ मध्ये या पक्ष्याला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त'वरून 'संकटसमीप' गटात आणलं गेलं.

पूर्णिमाताईंना निसर्गसंवर्धनासाठीचा २०१७ चा व्हिटली पुरस्कार मिळाला, त्याच वर्षीचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पर्यावरण पुरस्कारही. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण गोंदियाच्या ज्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत सारस घरटं करतो, त्याचा सत्कार त्याच्याच गावात, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर व्हायला हवा, असं दादऱ्याहून परतताना सारखं वाटत होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून दिलेल्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, तेव्हा घरट्यांत पिल्लं असतात. गुवाहाटीहून गाडीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि हातात वेळ असेल तर वाटेत रेशमासाठी प्रसिद्ध असलेलं सुआलकुची करता येईल. ही सगळी झाडं लोकांच्या अंगणात आहेत, तेव्हा विचारूनच आत जा. नाकाला रुमाल लावू नका, घरच्यांना ते लागतं. गामोसा घ्यायचा तर गुवाहाटीच्या दुकानातून न घेता तिथल्या मागावरूनच घ्या.