रिकामी टाकी

लोहगाव, १२ जुलै

दिवसभर पावसाची रिपरिप आणि हँगरमध्ये सुखोईच्या पंखातील इंधनटाकीची गळती शोधण्याचे काम. सकाळच्या तपासणीत पंखाखाली, रिव्हेटांच्या ओळीलगत ओलसर डाग आढळला होता. तो कापडाने कोरडा पुसून त्यावर लाल टाल्क पावडर भुरभुरली आणि ती कुठून गडद होऊ लागते ते पाहत बसलो. खरे शोधकाम मात्र त्यापुढे सुरू होते, कारण आत जिथे सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लेप, सुटलेले असते तिथून इंधन सांध्यासांध्याने वाहत येऊन भलत्याच जागी बाहेर पडते.

सुखोई-३० एमकेआयला बाहेरून टांगलेल्या टाक्या नसतात. नऊ टनांहून अधिक इंधन धडात आणि पंखांतच मावते. पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत असल्यामुळे प्रत्येक सांध्याची भिस्त सीलंटवर असते.

टाकी रिकामी झाली की नव्या एअरमनना हायसे वाटते, आणि नेमके तिथेच मी त्यांना थांबवतो. इंधन द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि रिकाम्या टाकीत तळाला राहिलेल्या पातळ थरावर वाफ आणि हवा दोन्ही असतात. एटीएफचा, म्हणजे विमानाच्या इंधनाचा, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३८ अंश सेल्सिअस असतो आणि एप्रिलमध्ये इथला पारा त्याच्याही वर जातो. म्हणून आधी भरपूर हवा खेळवायची, मीटरवर वाफेचे व ऑक्सिजनचे प्रमाण पाहायचे, अर्थिंग तपासायचे, सुती कपडे घालायचे, स्फोटरोधक दिवा घ्यायचा आणि एक माणूस बाहेर उभा ठेवायचा. यातले काहीही घाईत गाळू देणे मला मान्य नाही.

पावसाळ्यात पाण्याचीही धास्ती असते. टाकीतली दमट हवा रात्री थंड झाली की पाणी सुटते आणि जड असल्याने तळाशी बसते. उंचीवर त्याचा बर्फ होऊन फिल्टर तुंबू शकतो, आणि पाणी व इंधन यांच्या सीमेवर वाढणारी बुरशी ॲल्युमिनियम खाते. त्यामुळे ड्रेनमधून काढलेला नमुना काचेच्या बरणीत उजेडासमोर धरून पाहणे हे काम मी कितीही गडबड असली तरी स्वतः करतो.

संध्याकाळी नवे सीलंट लावून झाले. ते पुरते वाळून गळतीची चाचणी होईपर्यंत फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, माझी सही होणार नाही. उद्याचे उड्डाण दुसऱ्या विमानाकडे दिले आहे.